कोण कुठे आहे? – स्वयंसेवी मदत-पथके आणि मुक्त आज्ञावली

१९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मेक्सिको शहर भूकंपाने हादरले. शेकडो इमारती कोसळल्या. सरकारी पथके सगळीकडे पोचणे शक्यच नव्हते. तेव्हा आसपासचे लोकच हातांनी ढिगारे उपसू लागले. पुढच्या पंधरा दिवसांत या अप्रशिक्षित स्वयंसेवकांनी सुमारे ८०० माणसे जिवंत बाहेर काढली. आणि त्याच पंधरा दिवसांत सुमारे १०० स्वयंसेवक मदत करता करता मृत्युमुखी पडले. म्हणजे आठ जीव वाचताना एक जीव गेला, आणि तोही धावून आलेल्याचा.

लॉस एंजेलिस हे शहरही भूकंपाच्या पट्ट्यातले. तिथल्या अग्निशमन दलाने या अनुभवातून एक धडा घेतला. संकटात शेजारीपाजारी धावून जाणारच, त्यांना अडवता येत नाही. मग निदान त्यांना शिकवून तयार करावे. १९८५ मध्ये त्यांनी नागरिकांची प्रशिक्षित पथके उभारायला सुरुवात केली आणि १९९३ पासून ही योजना अमेरिकेत देशभर पसरली.

या प्रशिक्षणातली एक साधी रीत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पडझड झालेल्या घरात शिरण्यापूर्वी पथकाने दाराशेजारी एक तिरकी रेघ ओढायची आणि बाजूला आपल्या पथकाची खूण लिहायची. शोध संपवून बाहेर आले की तिला छेदणारी दुसरी रेघ ओढून फुली पूर्ण करायची; फुलीच्या उरलेल्या कोनांत बाहेर पडल्याची वेळ, आत आढळलेले धोके आणि सापडलेली माणसे यांची नोंद करायची. खडूचा तुकडा पुरतो. पण अर्थ किती आहे पाहा. दारावर फुली असेल तर हे घर पाहून झाले, पुन्हा शिरू नका. नुसतीच एक रेघ असेल तर आत आपली माणसे आहेत. आणि इमारत आणखी खचली, तर कोणाला शोधायचे हे त्या एका रेघेवरून कळते.

रेघेची अडचण एवढीच, की ती दारासमोर उभ्या असलेल्यालाच दिसते. पलीकडच्या गल्लीतल्या पथकाला ती दिसत नाही आणि नियंत्रण कक्षात बसलेल्याला तर नाहीच. ही रेघ सर्वांना एकाच वेळी दिसेल अशी व्यवस्था करायची, हे ज्या संगणक-आज्ञावलींचे काम, त्यांच्याविषयी हा लेख आहे. इंग्रजीतल्या ‘डिस्पॅच’ला आपण ‘रवानगी’ म्हणू. (‘पाठवणी’ म्हटले तर डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव येतो.)

तीन याद्या आणि एक रोजनामा

मोठ्या शहरांतल्या पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांकडे रवानगीच्या महागड्या संगणक-प्रणाली असतात. पंचवीस-तीस स्वयंसेवकांच्या पथकाला त्या परवडत नाहीत आणि त्यांच्या कामाला त्या जुळतही नाहीत. अशा पथकांसाठी अमेरिकेत स्वयंसेवकांनीच लिहिलेली ‘टिकेट्स कॅड’ नावाची मुक्त आज्ञावली आहे. यातला ‘कॅड’ म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेली रवानगी. आराखडे काढणाऱ्या कॅडशी त्याचा संबंध नाही. मदतीची प्रत्येक हाक हे एक ‘तिकीट’. ते उघडते, त्यावर नोंदी होत जातात, आणि काम संपले की ते बंद होते.

आत डोकावले तर जादू काहीच नाही. तीन याद्या असतात. पहिली घटनांची: काय झाले, कुठे, किती गंभीर. दुसरी पथकांची: कोण, कोणते वाहन, काय साहित्य, आत्ता कोणत्या अवस्थेत. तिसरी ठिकाणांची: रुग्णालये, निवारे, पाण्याच्या टाक्या. पडद्यावर या याद्या आणि शेजारी नकाशा. नियंत्रक एखादी घटना आणि एखादे पथक यांची जोडी लावतो. मग त्या जोडीवर एकेक वेळ नोंदवली जाते: कळवले, निघाले, पोचले, रुग्णालयाकडे निघाले, रुग्णालयात पोचले, मोकळे झाले. या सगळ्याच्या मागे एक रोजनामा चालू असतो. त्यात नवी ओळ लिहिता येते, लिहिलेली खोडायची नसते.

‘कळवले’ आणि ‘निघाले’ या दोन वेळा वेगळ्या का, असे विद्यार्थी विचारतील. निरोप मिळाल्यापासून निघेपर्यंत पथकाला बारा मिनिटे लागत असतील, तर उपाय वेगवान गाडी हा नव्हे; दोरखंड आणि स्ट्रेचर आधीच बांधून ठेवणे हा आहे. वेळा वेगळ्या लिहिल्या नाहीत तर हे कधीच कळणार नाही. आणखी एक: या वेळा नोंदवायला घड्याळ एकच वापरायचे, मुख्य संगणकाचे. दहा जणांच्या मनगटावरची घड्याळे दहा वेळा दाखवतात.

यात संगणकशास्त्राच्या दृष्टीने खरोखर अवघड अशी एक जागा आहे. दोन नियंत्रक दोन संगणकांवर बसले आहेत. दोघांच्याही पडद्यावर तिसरे पथक ‘मोकळे’ दिसते. दोघेही एकाच क्षणी त्याला दोन वेगळ्या घटनांकडे पाठवतात. आता पथकाने जायचे कुठे? रेल्वेच्या आरक्षणात एकच जागा दोन खिडक्यांवरून दोघांना विकली जाऊ नये, तसाच हा प्रश्न. ‘मोकळे आहे का ते पाहा’ आणि ‘मोकळे असेल तर गुंतलेले म्हणून नोंदवा’ या दोन पायऱ्या संगणकाने एकाच अखंड क्रियेत कराव्या लागतात. मध्ये दुसऱ्या कोणाला शिरू द्यायचे नाही. ज्याची क्रिया आधी पूर्ण होईल त्याला पथक मिळते, दुसऱ्याच्या पडद्यावर ‘आता उपलब्ध नाही’ असे दिसते. साध्या, फुकट मिळणाऱ्या माहितीसाठ्याच्या आज्ञावलींतही ही सोय असते. मात्र ती वापरायची असते, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने विसरून चालत नाही.

लंडन, १९९२

पण नोंदच खोटी असेल तर? याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वयंसेवकांचे नाही. ते लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे आहे.

ही सेवा सुमारे ६०० चौरस मैलांत राहणाऱ्या ६८ लाख लोकांसाठी होती. रोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. जुन्या पद्धतीत दूरध्वनी घेणारा कागदावर पत्ता लिही, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधी, आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पुढचा माणूस एकाच अपघाताचे दोन कागद आले असतील तर एक काढून टाकी. त्यापुढचा रुग्णवाहिका ठरवी. पद्धत हळू होती, म्हणून सगळे संगणकावर आणायचे ठरले: गाडी कुठे आहे ते यंत्राने ओळखायचे आणि कोणती पाठवायची तेही यंत्रानेच ठरवायचे.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी ही प्रणाली संपूर्ण लंडनसाठी सुरू झाली. तिचा पाया असा होता, की प्रत्येक गाडीची जागा आणि अवस्था संगणकाला जवळजवळ अचूक माहीत असेल. प्रत्यक्षात बिनतारी संदेश काही भागांत पोचत नव्हते. घाईत चालकांकडून कळा चुकीच्या क्रमाने दाबल्या जात होत्या. नोंदीत ‘मोकळी’ असलेली गाडी रस्त्यावर गुंतलेली असे, आणि उलटही. मग संगणक चुकीची गाडी पाठवी, किंवा एकाच घटनेला दोन. जिथे गोंधळ दिसे तिथे तो नियंत्रकासाठी सूचना तयार करी. सूचना इतक्या वाढल्या, की त्यांची यादी पडद्याच्या वर सरकून दिसेनाशी झाली. रुग्णवाहिका न आल्यामुळे लोक पुन्हा दूरध्वनी करू लागले, त्यांच्या नव्या नोंदी झाल्या, यंत्र आणखी मंदावले.

हे चक्र नीट पाहण्यासारखे आहे. चुकीच्या नोंदीतून चुकीची रवानगी, त्यातून उशीर, उशिरातून आणखी हाका, आणि त्यांच्या भाराखाली आणखी चुकीच्या नोंदी. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना ध्वनिक्षेपकाची शिट्टी आठवेल; भोंग्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून फिरत फिरत वाढतो, तसेच हे. दुसऱ्या दिवशी अर्धी कामे पुन्हा माणसांकडे आणली गेली आणि गाडी कशीबशी रुळावर आली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मात्र प्रणाली पार बंद पडली. कारण क्षुल्लक होते. आज्ञावलीत दुरुस्ती करताना राहून गेलेला एक छोटा तुकडा दर रवानगीला संगणकाच्या स्मृतीतली थोडी जागा अडवी आणि परत सोडत नसे. तीन आठवड्यांत स्मृती भरली. आयत्या वेळी चालू व्हायचा राखीव संगणकही चालू झाला नाही. मग कर्मचारी कागदाकडे वळले.

चौकशी झाली, अहवाल १९९३ मध्ये आला. लंडनच्या सेवेने नवी प्रणाली स्वतःच, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन, टप्प्याटप्प्याने बांधली. १९९६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सुरुवातीला तिचे काम अगदी साधे होते: दूरध्वनीची नोंद नीट घेणे. ती टिकली.

जवळचे पथक कोणते?

नोंद खरी आहे असे धरून चालू. घटनेला सर्वांत जवळचे पथक पाठवायचे, यात काय मोठेसे, असे वाटेल. सह्याद्रीत फिरणाऱ्याला मात्र ते पटणार नाही.

आपल्याकडे दरीत पडलेल्या, वाट चुकलेल्या माणसांना काढण्याचे काम गिर्यारोहकांचे गट वर्षानुवर्षे विनामोबदला करत आले आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहनाचा रस्ताच नव्हता. सरकारी पथकांना आणि स्वयंसेवकांना पावसात चिखलाच्या पायवाटेने चढून जावे लागले. अवजड यंत्रे खालीच राहिली. अशा जागी ‘किती किलोमीटर’ या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. ‘किती वेळ’ हे विचारावे लागते.

डोंगरातल्या वेळेसाठी स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक आडाखा दिला. तो मेट्रिक मापांत असा सांगतात: दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आता समजा, एक पथक दरीपलीकडे आहे. नकाशावर सरळ रेषेत अंतर दीड किलोमीटर. पण वाट चार किलोमीटरची, आणि दरीत उतरून ६०० मीटर चढायचे. चालीची ४८ मिनिटे आणि चढाची ६०, एकूण १०८ मिनिटे. दुसरे पथक २० किलोमीटर दूर, पण डांबरी रस्त्यावर जीप घेऊन उभे. ताशी ३० किलोमीटर वेगाने ४० मिनिटे, मग सपाटीवरची एक किलोमीटर चाल, १२ मिनिटे. एकूण ५२. तेरा पट दूरचे पथक निम्म्याहून कमी वेळात पोचते. गावाजवळचा एखादा डोंगर आणि त्याचा समोच्चरेषांचा नकाशा घेऊन विद्यार्थ्यांना असे हिशेब घालता येतील. भूगोल आणि गणित दोन्ही होतील. (पाऊस, अंधार आणि पाठीवरचे ओझे यांनी नेस्मिथचा आकडा बराच वाढतो, हे त्यांना सांगावे, उतार काही फुकट नसतो, हेही.)

पण वेळ धरूनही ‘जवळचे ते पाठवा’ हा नियम फसतो. पथके दोन, क आणि ख. हाका दोन. पहिल्या हाकेला क ४ मिनिटांत पोचेल, ख ६ मिनिटांत. दुसऱ्या हाकेला क ५ मिनिटांत, ख २० मिनिटांत. पहिल्या हाकेला जवळचे म्हणून क पाठवला, तर दुसऱ्या हाकेच्या वाट्याला ख येतो आणि त्या माणसाला २० मिनिटे थांबावे लागते. पहिल्याकडे ख पाठवला, तर दोन मिनिटांचा उशीर सोसून दुसऱ्याची १५ मिनिटे वाचतात. पथके आणि हाका दहा-दहा असतील तर जोड्या लावण्याच्या रीती ३६,२८,८०० होतात. संगणकाला यातली उत्तम रीत झटकन काढता येते. तिचे गणित १९५५ पासून प्रसिद्ध आहे. मात्र पहिली हाक येते तेव्हा दुसरी येणार आहे हे कोणाला ठाऊक असते? शिवाय पहिली हाक छातीत कळ आल्याची आणि दुसरी मनगट मुरगळल्याची असेल, तर सगळा हिशेब बदलतो. म्हणून स्वयंसेवी पथकांच्या आज्ञावलीने पर्याय वेळेसह मांडावेत आणि निवड माणसावर सोडावी, असे आमचे मत आहे.

ठिपक्याचे वय

नकाशावर पथकांचे ठिपके हलताना पाहिले, की पाहणाऱ्याला सगळे कळल्याचा भास होतो. तो ठिपका येतो कुठून?

भ्रमणध्वनीचे जाळे जिथे असते तिथे प्रश्न नाही. पण पुरात, भूकंपात, दऱ्याखोऱ्यांत ते नसतेच. तिथे हौशी बिनतारी संदेशक, ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो, ते कामी येतात. अमेरिकन नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी हॅम मंडळींसाठी अशी पद्धत विकसित केली, की उपग्रहांवरून मिळालेले स्वतःचे स्थान यंत्र आपोआप छोट्या बिनतारी संदेशातून प्रसारित करते. ‘टिकेट्स’सारख्या आज्ञावलीला ते संदेश घेऊन ठिपका मांडता येतो.

या संदेशांचा नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट. स्थानाचा संदेश साधारण १०० अक्षरांचा धरला, तर ८०० बिट, म्हणजे पाऊण सेकंदाहूनही कमी. मग एका कंप्रतेवर मिनिटाला नव्वद संदेश जावेत! तसे होत नाही, कारण सगळे एकाच हवेत बोलतात. दोघे एकदम बोलले की दोन्ही संदेश वाया. बोलण्यापूर्वी ऐकून घ्यावे हे खरे, पण मध्ये डोंगर असेल तर पलीकडचा बोलतो आहे हे ऐकूच येत नाही. कोणी कोणाचे न ऐकता वाटेल तेव्हा बोलणार असेल, तर उपलब्ध वेळेपैकी फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, असे गणित सांगते. हवाई विद्यापीठातल्या ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्याच्या अभ्यासातून १९७० च्या सुमारास हे पुढे आले. साठ सेकंदांचे १८ टक्के म्हणजे सुमारे ११ सेकंद, म्हणजे मिनिटाला जेमतेम सोळा संदेश, आणि तेही उत्तम परिस्थितीत. साठ पथके असतील तर प्रत्येकाचा एक संदेश सरासरी चार मिनिटांनी पोचेल.

तेव्हा पडद्यावरचा ठिपका ‘पथक इथे आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘काही मिनिटांपूर्वी पथक इथे होते.’ चांगल्या मांडणीत प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याचे वय लिहिलेले असते आणि जुना ठिपका फिका पडत जातो. लंडनच्या संगणकाला नेमका हाच विवेक नव्हता. जुनी आणि ताजी माहिती त्याच्या लेखी सारखीच होती.

ओ किती जण देतील?

पगारी सेवेत कामावर किती माणसे आहेत हे माहीत असते. स्वयंसेवक मात्र नोकरीवर असतो, शेतात असतो, मुलीच्या परीक्षेला गेलेला असतो. हाक दिल्यावर किती येतील हा संभाव्यतेचा प्रश्न आहे.

समजा, एका वेळी कोणताही स्वयंसेवक येऊ शकण्याची शक्यता १० त ३ आहे आणि कामाला चार माणसे हवीत. किती जणांना निरोप द्यावा? घाईत कोणी म्हणेल, तेरा; कारण तेराचे तीन दशांश म्हणजे जवळजवळ चार. पण द्विपद वितरण वापरून पाहा. तेरा जणांना निरोप दिला, तर शंभर प्रसंगांपैकी सुमारे ४२ प्रसंगांत चारपेक्षा कमी माणसे येतील. वीस जणांना दिला, तर अशी फजिती सुमारे ११ प्रसंगांत होईल. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण फाशांपेक्षा नक्की जवळचे वाटेल. (एकाच लग्नाला अर्धे पथक गेले असेल तर ‘स्वतंत्र घटना’ हे गृहीतक कोसळते, हे हुशार विद्यार्थी लक्षात आणून देतीलच.)

म्हणून निरोप सर्वांना द्यावा का? मग मेक्सिको. न मोजलेली माणसे ढिगाऱ्यावर चढतात. आज्ञावलीचे काम इथे दुहेरी आहे: निरोप पुरेशा लोकांना जावा, ‘येतो’ म्हणणाऱ्यांची नावे यादीत यावीत, आणि संख्या पुरी झाली की बाकीच्यांना ‘तयारीत राहा, निघू नका’ असे कळावे. आणि काम संपल्यावर यादीतले प्रत्येक नाव परतले का, हे पाहायचे. दारावरची दुसरी रेघ ती हीच.

फुकट आणि मुक्त

या आज्ञावली फुकट मिळतात हे खरे, पण आमच्या मते त्यांचे फुकटपण ही दुय्यम गोष्ट आहे. त्या मुक्त आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, बदललेली दुसऱ्याला देता येते. अमेरिकेतल्या पथकाला ‘चक्रीवादळ निवारा’ हवा असेल, कोकणातल्या पथकाला ‘होडी’ आणि ‘पट्टीचे पोहणारे’ असे रकाने लागतील. अवस्थांची नावे मराठीत हवी असतील. पुराच्या रात्री दोन संगणकांचे दहा करावे लागले, तर परवान्यासाठी कोणाला विचारावे लागू नये. विकत घेतलेल्या बंद आज्ञावलीत यातले प्रत्येक काम कंपनीच्या मर्जीवर असते.

शेजारच्या देशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली. मदत जगभरातून आली, पण कोणती संस्था कुठे काय करते आहे याचा मेळ नव्हता. तिथल्या संगणक-तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्वेच्छेने एक आज्ञावली लिहिली: हरवलेल्या माणसांची नोंद, छावण्यांची नोंद, संस्थांची नोंद, मागणी आणि पुरवठ्याची नोंद. नाव ठेवले ‘सहाना’, सिंहलीत अर्थ ‘दिलासा’. ती मुक्त होती, म्हणून २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात आणि २०१० च्या भूकंपानंतर हैतीत ती तिथल्या गरजेनुसार बदलून वापरता आली. नकाशांचेही तसेच. हैतीच्या राजधानीचा तपशीलवार नकाशा भूकंपापूर्वी सहज उपलब्ध नव्हता. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या मुक्त नकाशावर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून काही आठवड्यांत रस्ते भरले.

मुक्त म्हणजे निर्दोष मात्र नव्हे. संहिता सर्वांना दिसते याचा अर्थ ती कोणीतरी वाचली आहे असा होत नाही. असे अनेक प्रकल्प दोन-चार माणसांच्या उत्साहावर चालतात आणि ती थकली की थांबतात. खर्चही शून्य नसतो: संगणक, बॅटरी, सराव आणि प्रणालीची निगा राखणारा एक चिकाटीचा माणूस, हे लागतेच. रुग्णांची नावे, पत्ते, आजार या नोंदींत येतात, तेव्हा त्या कोणी पाहाव्यात याचे नियम आधी ठरवावे लागतात. आणि आपल्याकडे ११२ व १०८ या सरकारी सेवा आहेत. स्वयंसेवी पथकाची प्रणाली त्यांच्या बदल्यात नाही. पहिली हाक तिकडेच जायला हवी.

एक सोय विशेष उल्लेखनीय आहे. ‘टिकेट्स’सारखी आज्ञावली ब्राउझरमधून चालते, पण त्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. एका साध्या संगणकावर ती ठेवून, एका वाय-फाय राउटरने शाळेच्या दोन वर्गांपुरते जाळे करता येते. नकाशा आधी उतरवून ठेवायचा.

संगणक नसतानाही

यातले बरेचसे वर्गात संगणकाविना करून पाहता येईल. फळ्यावर गावाचा नकाशा काढा. पाच विद्यार्थी म्हणजे पाच पथके. त्यांनी मैदानात ठरलेल्या जागी उभे राहायचे. दोन नियंत्रक फळ्याकडे तोंड करून, मैदान दिसणार नाही असे बसतील. शिक्षक दर मिनिटाला एक चिठ्ठी देतील: ‘बाजारात आग’, ‘विहिरीत पडलेला मुलगा’. निरोप्ये धावत नियंत्रकांचा हुकूम पथकांकडे नेतील आणि पथकांची अवस्था चिठ्ठीवर परत आणतील. रोजनामा लिहायला एक विद्यार्थी, हातात एकच घड्याळ.

पहिली फेरी सरळ खेळा. दुसऱ्या फेरीत परत येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी दर तिसरी चिठ्ठी शिक्षकांनी गुपचूप खिशात टाकायची आणि ज्या घटनेला पाच मिनिटांत कोणी पोचले नाही, तिची चिठ्ठी पुन्हा द्यायची. लंडनची सकाळ वर्गात अवतरायला फार वेळ लागत नाही. रोजनाम्यावरून दोन्ही फेऱ्यांतला सरासरी वेळ काढायला सांगा.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर फळा पुसून टाका, वीज गेली असे जाहीर करून. रोजनामा वेळेवर लिहिला असेल तर नियंत्रकांना त्यावरून नकाशा पुन्हा भरता येतो. खऱ्या पथकांनीही दर अर्ध्या तासाला पडद्यावरची यादी कागदावर छापून ठेवावी. वीज जाईल तेव्हा ताज्या कागदाच्या डोक्यावर वेळ लिहायची आणि पुढची ओळ पेन्सिलीने सुरू करायची.